थीम कॅफे-रेस्टॉरंटची सजावट वर्षभरात का विटते?

रंगभान (धागाकर्ता)

मोठ्या शहरांत थीम असलेली कॅफे आणि रेस्टॉरंट आता पावलोपावली दिसतात. जुनं ग्रंथालय, आगगाडीचा डबा, घनदाट जंगल, पाणबुडी, गॅरेज, प्रयोगशाळा. उद्घाटनाच्या दिवशी सगळीच देखणी असतात. वर्षभराने पाहावं तर प्लास्टिकच्या वेली चिकट झालेल्या, दिव्यांच्या माळा अर्ध्या बंद, भिंतीवरचं चित्र खुर्चीच्या पाठीने घासून गेलेलं, आणि आत इतका गलका की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

माझं मत असं, की चूक थीमची नसते. सजावट फोटोत कशी दिसेल एवढंच बघून ती आखली जाते. तिथे तासभर बसणारा माणूस आणि रोज पुसणारा माणूस हिशेबात धरलेलाच नसतो. जाणकारांनी सांगावं : काय टिकतं, काय बिघडतं आणि का? नवी जागा आखताना आधी काय ठरवावं? आकड्यांसकट लिहिलंत तर फार उपयोग होईल.

---

सुतारपक्षी

बसण्यापासून सुरुवात करू. खुर्चीची बैठक आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत २८ ते ३० सेंमी अंतर हवं. खुर्ची ४५, टेबल ७५, हे जमलेलं माप आहे. थीमच्या नादात पिंप, ट्रंक, शिलाई मशीनचा पाया, गाडीचं बॉनेट टेबल म्हणून येतं आणि नेमकं हेच अंतर बिघडतं.

पिंपाला गुडघे ठेवायला जागाच नसते. माणूस तिरका बसतो, वीस मिनिटांत कंबर बोलायला लागते. पिंप वापरायचंच असेल तर ते १०५ ते ११० सेंमी उंचीचं उभं टेबल करा आणि सोबत ७५ सेंमीचं स्टूल द्या. खाली बसूनच खायचं असेल तर वरची फळी पिंपाच्या कडेपासून चहूबाजूंनी ३० सेंमी तरी बाहेर हवी. मग तळाशी वजन भरावं लागतं, नाहीतर कुणी कडेवर कोपर टेकताच टेबल कलंडतं.

शिलाई मशीनच्या पायाला पायपट्टी आणि चाक दोन्ही पक्की जाम करा. लहान मुलांची बोटं तिथेच जातात. शिवाय एक तरी टेबल असं ठेवा की चाकाची खुर्ची खाली शिरेल : खालून ७० सेंमी मोकळी उंची, ८० सेंमी मोकळी रुंदी आणि तिथवर पोचायला ९० सेंमीची वाट.

---

हिशेबनीस

सुतारपक्षी, माप पटलं. पण खुर्ची फार आरामशीर असली तर गर्दीच्या वेळी टेबल रिकामंच होत नाही. लहान जागेला ते परवडत नाही. थोडी कडक बैठक मुद्दाम ठेवतात, ती काही अज्ञानातून नव्हे.

---

सुतारपक्षी

@हिशेबनीस, लवकर उठवायचंच असेल तर खिडकीलगत उभ्याने खाण्याचा लांब काउंटर द्या. घाईतला माणूस आपणहून तिथे जातो. बैठक कडक चालेल, उंची चुकलेली चालत नाही. कडक खुर्चीवरून माणूस वेळेवर उठतो. चुकीच्या उंचीच्या खुर्चीवरून उठलेला परत येत नाही.

---

नादवेडा

आवाजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण थीमच्या जागा सगळ्यात जास्त इथे नापास होतात. उघडी वीट, काँक्रीटचं छत, काच, पत्रा, गुळगुळीत फरशी : 'गोदाम' किंवा 'कारखाना' थीमचं सगळं सामान आवाज परतवणारं.

साबाइनचं सूत्र सोपं आहे. प्रतिध्वनी विरायला लागणारा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्र गुणिले तो आवाजाचा जितका हिस्सा गिळतो तो, म्हणजे शोषणगुणांक; म्हणून शोषण चौमीत मोजतात). समजा हॉल १० × ८ मीटर आणि उंची ३.५ मीटर. घनफळ २८० घनमीटर. नुसत्या कडक पृष्ठभागांचं शोषण साधारण १४ चौमी धरलं तर काळ येतो ३ सेकंदांच्या वर. बोलण्यासाठी हवा ०.७ सेकंदाच्या आसपास, म्हणजे शोषण ६४ चौमी लागेल. चाळीस माणसं बसली की त्यांचं मिळून १८ होतं. १४ आणि १८ मिळून ३२. उरलेलं ३२ तुम्हाला बांधून द्यायचं आहे. ०.८ शोषणगुणांकाचे पॅनल घेतले तर ४० चौमी, म्हणजे बरोबर अर्धं छत. इतकंच काम आहे, पण ते आधी करावं लागतं.

हे न केल्यास काय होतं? आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं आणि शेवटी सगळा हॉल ओरडून बोलत असतो. त्यावर कुणीतरी संगीताचा आवाजही वाढवतो.

---

गजबजपुरी

थोडा वेगळा सूर लावतो. अगदी शांत जागेत शेजारच्या टेबलाचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. थोडी गजबज आडोशासारखी असते.

---

नादवेडा

@गजबजपुरी, बरोबर, म्हणूनच विरण्याचा काळ ०.३ सेकंदापर्यंत खाली न्यायचा नाही. तिथे जागा मेल्यासारखी वाटते. गजबज असावी, पण समोरच्याचे शब्द कळावेत. आणि ग्राहक तासाभराने जातो, काम करणारी मुलं आठ तास तिथेच असतात. ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा मानली जाते. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चारच तास. जंगलाचे किंवा गाडीचे आवाज लावणाऱ्यांनी हेही बघावं की पाच मिनिटांची फीत दिवसभरात शंभरदा फिरते. फीत निदान दोन-तीन तासांची करा आणि मध्ये शांतता ठेवा.

---

बोलकीभिंत

अंड्यांचे ट्रे छताला लावले तर? स्वस्त आणि मस्त. बऱ्याच ठिकाणी पाहिलेत.

---

नादवेडा

नका लावू. पातळ पुठ्ठा थोडेसे वरचे स्वर इकडेतिकडे विखुरतो, माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात शोषण नगण्य. वर आगीला सरपण. ५० मिमी जाडीची रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) किंवा पॉलिस्टर तंतूंची पाटी घ्या, वरून हवा आरपार जाईल असं कापड. तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली तर कापड चालेल.

थीममध्ये हे लपवता येतं. पाणबुडी असेल तर भिंतीला छिद्रांचा पत्रा, एकूण क्षेत्राच्या वीसेक टक्के तरी छिद्रं आणि मागे रॉकवूल. ग्रंथालय असेल तर कपाटांच्या पाठीच पॅनलच्या करा. जंगल असेल तर जाळीच्या वर काळे पडदेवजा पॅनल उभे टांगा, पानांच्या मागे दिसतही नाहीत.

---

अग्निशिखा

नादवेड्यांनी आगीचा विषय काढलाच आहे, तर हे सगळ्यांनी वाचावं.

२८ नोव्हेंबर १९४२, अमेरिकेतलं बॉस्टन, कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लब. उष्णकटिबंधातल्या बेटाची थीम : ताडाची कृत्रिम झाडं, छताला ताणलेलं कापड. आग त्या सजावटीतून काही मिनिटांत पसरली. मुख्य फिरता दरवाजा माणसांच्या रेट्याने अडकला, काही दारं कुलूपबंद होती, काही आत उघडणारी. ४९२ माणसं गेली. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नाइटक्लबला आग लागली, तेव्हा भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला. १०० मृत्यू. २०१३ मध्ये ब्राझीलमधल्या सांता मारियातल्या नाइटक्लबमध्येही छताचा फोम आणि आतषबाजी, तिथे २४२. फोम जळताना दाट काळा धूर आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो. माणूस दारापर्यंत पोचायच्या आत कोसळतो.

तेव्हा सजावटीत या गोष्टी मुळीच सोडू नका :

उघडा फोम कुठेही नको, खडकाच्या आकारात कोरलेला आणि रंगवलेला थर्माकोलसुद्धा नको. खडक हवे असतील तर जाळीवर सिमेंटचं किंवा जिप्समचं काम करा.

कापड घेताना धाग्यातच अग्निरोधक गुण असलेलं घ्या. वरून फवारलेलं रसायन धुण्यात निघून जातं आणि कुणी परत फवारत नाही.

पुस्तकांच्या कपाटामागचं 'गुप्त दार' हा सुटकेचा मार्ग असता कामा नये. बाहेर पडायचं दार दारासारखंच दिसलं पाहिजे, बाहेरच्या दिशेने उघडलं पाहिजे आणि त्यावरची खूण वेलींमागे जाता कामा नये.

स्प्रिंकलरच्या खाली ४५ सेंमी मोकळं ठेवा. जाळी, छत्र्या, टांगलेल्या सायकली त्याच्या फवाऱ्यात आल्या तर पाणी आगीपर्यंत पोचतच नाही.

---

धुकेरी

आमच्याकडच्या चर्चेत नेहमी येणारा प्रश्न : धुराच्या यंत्राने अलार्म वाजतो. 'भुताटकी' थीमला धुकं तर हवंच.

---

अग्निशिखा

धुराच्या यंत्रातल्या ग्लायकॉल या द्रवाच्या धुक्याचे थेंब आणि धुराचे कण यांत प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरला फरक कळत नाही. त्यावर पिशवी चढवणं हा उपाय नाही. ज्यांनी यंत्रणा बसवली त्यांच्याकडून त्या भागापुरता तापमानाचा किंवा अनेक खुणा ताडणारा डिटेक्टर लावून घ्या, आणि धुकं जमिनीलगतच राहील इतकंच सोडा.

अल्ट्रासॉनिक पाण्याचं धुकं निरुपद्रवी वाटतं, पण टाकीतलं पाणी साचून राहिलं तर न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जंतू थेट श्वासात जातात. १९८९ मध्ये अमेरिकेत लुइझियानात भाज्यांवर धुकं सोडणाऱ्या एका यंत्रातून हा आजार पसरल्याचं सिद्ध झालं होतं. रोज टाकी रिकामी करून कोरडी करणं होणार नसेल, तर हे यंत्र घेऊच नका. पाणी जड असेल तर टेबलांवर पांढरी पूड बसते ती वेगळीच.

---

हिरवाईकर

जंगलवाल्यांसाठी. जिवंत भिंत, सुकवलेलं शेवाळ आणि कृत्रिम पानं, तिघांची तब्येत वेगळी.

जिवंत भिंतीला सावलीतली झाडं घेतली तरी दिवसाचे दहा-बारा तास हजार-दीड हजार लक्स उजेड लागतो. जेवणाच्या हॉलमधला मंद उजेड त्याच्या दहाव्या हिश्शाचाही नसतो. म्हणजे वेगळे दिवे, आणि ते जागा बंद असताना पूर्ण उजेडात चालवायचे. मागे जलरोधक थर, खाली पन्हळ, पन्हळीला निचरा. निचरा विसरला की सहा महिन्यांत पलीकडच्या भिंतीला पोपडे.

सुकवलेल्या शेवाळाला पाणी घालायचं नसतं. त्यात ग्लिसरीन असतं. हवा फार दमट झाली तर ते पाझरतं आणि रंग ओघळतो, फार कोरडी झाली तर कुडकुडीत होऊन झडतं. स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावाल तर तेलकट वाफ धरून ठेवेल, आणि ते धुता येत नाही.

कृत्रिम पानं लावायची तर ५० × ५० सेंमीच्या चौकटींवर लावा, चौकटी हुकांवर अडकवा. दर आठवड्याला चार काढून कोमट पाण्यात साबण घालून धुवा, धुतलेल्या टांगा. भिंतीला थेट ठोकलेली वेल कधीच धुतली जात नाही.

---

फडकंबादली

हिरवाईकरांचा हुकांचा मुद्दा सगळ्याच सजावटीला लागू आहे. धूळ एकटी असती तर फुंकरीने गेली असती. तळणीची वाफ तिच्यात मिसळते आणि चिकट थर बसतो. तो चढू नये म्हणून पहिली तपासणी हवेची. स्वयंपाकघरातली हवा बाहेर टाकणारा पंखा आत येणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ओढणारा हवा, म्हणजे हवा हॉलमधून स्वयंपाकघराकडे वाहते. टिश्यू पेपरची पट्टी स्वयंपाकघराच्या दारात धरा. ती आतल्या बाजूला झुकली पाहिजे. हॉलकडे झुकली तर तुमची सगळी थीम तेलात मुरणार.

उघड्या विटांना पाण्याच्या पायाचं, चमक नसलेलं सीलर दोन हात द्या, नाहीतर भुकटी गळत राहते आणि डाग पडला तर निघत नाही. खुर्चीची पाठ भिंतीला ७५ ते ९० सेंमी उंचीवर घासते. तिथे लाकडी पट्टी मारा आणि चित्र तिच्या वरून सुरू करा. आणि शिडीशिवाय हात पोचत नाही तिथे बारीक वस्तू मांडू नका. तिथे मोठी, गुळगुळीत, एका फडक्यात पुसली जाणारी एकच वस्तू ठेवा.

---

कुंचलाधारी

भित्तिचित्राबद्दल पुस्ती जोडतो. नव्या गिलाव्यावर २८ दिवस तरी रंग लावू नये. ओल असलेल्या भिंतीवर काढलेलं चित्र मागून क्षार आले की पापुद्र्यासारखं सुटतं. आधी गळती शोधा, मग चित्रकाराला बोलवा. वरून पुसता येईल असा मॅट थर द्या. चकचकीत थर दिला तर समोरचा प्रत्येक दिवा त्यात दिसतो.

---

दीपमाळ

दिव्यांच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं : रंगीत उजेड भिंतीवर, ताटावर पांढराच. निळ्या-हिरव्या उजेडात ताजं अन्नही शिळं दिसतं. टेबलावर २७०० केल्विनचा, म्हणजे उबदार पांढरा, रंग दाखवण्याचा गुणांक ९० किंवा वर असलेला दिवा घ्या, आणि त्यात लाल रंगाचा आर-नऊ हा आकडाही विचारा. तो कमी असला तर टोमॅटोही मातकट वाटतो.

टांगलेल्या दिव्याचं खालचं टोक टेबलापासून ७५ ते ९० सेंमी. त्याहून खाली आला तर समोरच्याचा चेहरा झाकतो, वर गेला तर उघडा बल्ब डोळ्यांत घुसतो. तारा दिसणारे जुन्या घडणीचे बल्ब डोळ्यांच्या रेषेत असतील तर मंद केल्याशिवाय लावू नका, आणि मंद करणारं बटण त्या एलईडीशी जुळतंय का ते आधी एक बल्ब लावून बघा. न जुळल्यास लुकलुक येते आणि डोकी दुखतात.

एलईडी पट्टी १२ व्होल्टची असेल तर एका टोकाने पाच मीटरच्या पुढे नेऊ नका, शेवटचा भाग मंद पडतो. लांब धावेला २४ व्होल्ट घ्या. पट्टी ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसवा, उष्णता निघते आणि आयुष्य वाढतं. धागाकर्त्यांनी म्हटलेल्या अर्ध्या बंद माळांचं कारण बहुतेक वेळा दिवा नसतोच. पुरवठा करणारं खोकं खोट्या भिंतीमागे चिणून टाकलेलं असतं. प्रत्येक खोक्यासाठी ४५ × ४५ सेंमीचं उघडणारं झाकण ठेवा. थीमच्या रंगाने रंगवा, पण ठेवा.

---

पानपलटी

दिवाच नको अशीही थीम असते ना? काळोखातलं जेवण.

---

दीपमाळ

हो, झ्युरिकमध्ये १९९९ पासून आणि पॅरिसमध्ये २००४ पासून तशी रेस्टॉरंट आहेत. वाढणारी माणसं दृष्टिहीन असतात आणि तिथे तीच वाट दाखवतात. सजावट शून्य, पण आखणी सगळ्यात काटेकोर. घड्याळं-फोन बाहेर कपाटात, कशाची ॲलर्जी ते आत शिरण्याआधी विचारायचं, उजेड आत झिरपू नये म्हणून दोन पडद्यांमध्ये वळण, आणि संकटात एका कळीने सगळे दिवे लागतील अशी सोय. थीमचा सगळा भार सेवेवर टाकल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

---

जुनेपुराणे

अवांतर : ही हौस आजची नव्हे. पॅरिसच्या माँमार्त्र भागात १८९० च्या दशकात मृत्यूच्या थीमचं 'काबारे द्यु नेआँ' होतं. टेबलं म्हणजे शवपेट्या, वाढपी प्रेतयात्रेच्या पोशाखात, आणि काचेच्या परावर्तनाने माणसाचा सांगाडा होताना दाखवायचे. अमेरिकेत १९३० च्या दशकात दक्षिण सागरी बेटांच्या थीमची 'टिकी' ठिकाणं निघाली. दोन्हींत भर मोजक्याच गोष्टींवर : टेबल, उजेड, वाढप्याचा वेश. भिंतीवर हजार वस्तू टांगण्याची सवय नंतरची.

---

वाचनवेल्हाळ

ग्रंथालय थीमबद्दल कुणी लिहिलं नाही. खरी पुस्तकं ठेवावीत की नुसते पुठ्ठ्याचे कणे?

---

सुतारपक्षी

दोन्ही. एक मीटर फळीवर २० ते ३० किलो पुस्तकं बसतात. सहा मीटर लांब, आठ फळ्यांची भिंत म्हणजे ४८ मीटर, साधारण एक ते दीड टन. कपाट भिंतीत पक्कं रोवावं लागतं आणि खालची जमीन तपासावी लागते. म्हणून खरी पुस्तकं ६० ते १६० सेंमी उंचीच्या पट्ट्यात, जिथे हात जातो आणि लोक खरंच वाचतात. वर पोकळ खोकी. बंद, दमट कोपऱ्यात खऱ्या पुस्तकांना कुबट वास येतो, आणि तो जेवणाच्या जागी अजिबात चालत नाही. नुसते कणे मात्र हाताच्या उंचीवर लावू नका. वाचणारा माणूस एक ओढून बघतोच, आणि मग त्याचा सगळ्या जागेवरचा विश्वास जातो.

---

जलतरंग

जमिनीचा विषय निघालाच आहे तर मत्स्यालय. २ मीटर × ६० सेंमी × ८० सेंमीच्या टाकीत ९६० लिटर पाणी, म्हणजे ९६० किलो. काच, वाळू, स्टँड वेगळे. हे १.२ चौमीवर येतं, म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो निव्वळ पाण्याचे. रेस्टॉरंटची जमीन साधारण ४०० ते ५०० किलोच्या हिशेबाने आखतात. वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी ठेवायची नाही. आणि स्पीकर टाकीजवळ नको, माशांना तो हादरा सतत बसतो.

---

गजबजपुरी

फोटोच्या कोपऱ्याचं काय? लोक त्यासाठीही येतात, ते नाकारून चालणार नाही.

---

दीपमाळ

नाकारू नका, जागा द्या. दीड-दोन मीटर रुंद भिंत, समोर अडीच मीटर मोकळं, उजेड समोरून तिरका चेहऱ्यावर. फक्त तो कोपरा प्रवेशाच्या दारात किंवा वाढप्यांच्या वाटेत नको.

---

फडकंबादली

आणि स्वच्छतागृहाच्या दारावर थीमचं कोडं नको! गरजेच्या वेळी माणसाला 'कर्णधार' आणि 'जलपरी' यांतला अर्थ लावत उभं करू नका. नेहमीचं चित्र मोठं, थीमचं त्याच्या बाजूला.

---

रंगभान (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. आता मूळ प्रश्नाकडे : रिकामा गाळा समोर आहे, थीम मनात आहे. पहिल्या दिवशी काय करायचं?

---

सुतारपक्षी

थीम बाजूला ठेवून गाळ्याचा नकाशा काढा आणि त्यावर न हलणाऱ्या गोष्टी आधी मांडा : धुराड्याची वाट, बाहेर पडायची दारं, पाण्याचा निचरा, छताची खरी उंची, जमिनीची ताकद. यात थीम बसत नसेल तर गाळा बदला किंवा थीम. छत २.६ मीटर असताना जंगल करू नका, पानं डोक्याला लागतील. अरुंद, लांब गाळ्याला आगगाडीचा डबा आपसूक शोभतो.

मग जमीन, छत, वायरिंग, खुर्च्या थीमशिवायही चांगल्या दिसतील अशा करा. थीम त्यावरून हुकांनी, चौकटींनी चढवायची, म्हणजे तीन वर्षांनी बदलताना फोडाफोड नाही. कुणाची प्रसिद्ध पात्रं किंवा चिन्हं वापरायची असतील तर हक्कधारकाची लेखी परवानगी याच टप्प्यावर.

---

फडकंबादली

आणि सामान घेण्याआधी एका कोपऱ्यात २ × २ मीटरचा नमुना उभा करा. एक टेबल, खुर्च्या, खरा दिवा, भिंतीचा खरा तुकडा. तिथे दोन माणसं दीड तास जेवू देत. उठल्यावर त्या कोपऱ्याची साफसफाई घड्याळ लावून करा, आणि लागलेल्या मिनिटांना टेबलांच्या संख्येने गुणा. बंद करायच्या वेळेनंतर तेवढा वेळ नि तेवढी माणसं हाताशी नसतील, तर भिंतीवरच्या वस्तू त्याच दिवशी कमी करा.

---

रंगभान (धागाकर्ता)

नमुना उभा करताना नादवेड्यांची फुंकर आणि तुमची टिश्यूची पट्टी, दोन्ही करून बघण्यासारख्या आहेत.

---

नादवेडा

टाळीही वाजवा. रिकाम्या गाळ्यात मधोमध उभं राहून एकदा, पॅनल लावल्यावर परत एकदा. पहिल्या वेळी टाळीमागे खणखणीत शेपटी ऐकू येईल. दुसऱ्या वेळी ती तुटायला हवी. तुटली नाही तर अजून पॅनल लावा, रंगकाम त्यानंतर.